मामांची गप्प मोटार

मोटारीवर खालच्या बाजूनं प्रेम करणारा आमच्या शहापूरच्या मामांसारखा माणूस बेळगाव जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. त्या काळी मोटार बाळगणारे मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ते सगळे मोटारीला वरून पुसत. कुणी बॉनेट चकचकीत ठेवी, कुणी दिव्याच्या पितळेत आपल्या मिशा न्याहाळी. मामांना मोटारीच्या तोंडाशी काही देणंघेणं नव्हतं. तोंड काय, कुणीही धुतं, असं म्हणत ते चटई घेऊन मोटारीखाली शिरत आणि जेवणाची हाक आली की बाहेर येत. पहिल्या हाकेला मात्र कधीच नाही.

मामांच्या घरी माग होते. लुगडी विणून घ्यायची आणि संकेश्वर-निपाणीच्या बाजारात नेऊन विकायची, हा त्यांचा धंदा. कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची कापडी टपाची मोटार मामांनी घेतली, लुगडी न्यायला बरी म्हणून. मी तेव्हा नुकताच बेळगावात मास्तर झालो होतो आणि मामांकडेच राहत होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मामांना भेटायला आलेल्या माणसाला बहुधा त्यांचे पायच भेटत. मोटारीखालून दोन पाय बाहेर आलेले असत, आणि सुताचे व्यापारी, विणकर, देवळाच्या वर्गणीवाले उकिडवे बसून त्या पायांशी बोलत. परगावाहून आलेल्या सुनाबाळींची यात मोठीच सोय व्हायची. वाकून पायांवर डोकं ठेवलं की काम झालं, मामांना बाहेर यायची तसदी नाही. कुणीतरी पाय शिवतंय एवढं कळलं की मोटारीखालून "औक्षवंत हो" असा आशीर्वाद यायचा. एकदा दारचं कुत्रं जाता जाता त्यांचा अंगठा चाटून गेलं, त्यालाही मिळाला.

खाली ते करत काय, तर बांबूच्या चिपाटानं चिखल खरवडत. स्प्रिंगच्या पाट्यांच्या सांदीत, मडगार्डच्या पोटात, जिथं जिथं चिखल बसेल तिथं तिथं चिपाट. वाळलेलं ढेकूळ हातात घेऊन हा निपाणीकडचा काळा, हा खानापूरचा तांबडा असं ते सांगत, आणि निपाणीचा चिखल लई चिवट, माणसांसारखाच, असा शेराही मारत. दसऱ्याला सगळे लोक मोटारीला पुढून हार घालत. मामांनी सोवळ्यातल्या भटजींना हळदकुंकवाचं तबक घेऊन मोटारीखाली शिरायला लावलं. वजन जिथं पडतं पूजा तिथं नको का, असा त्यांचा सवाल होता. भटजी बाहेर आले तेव्हा सोवळ्याची पार दशा झाली होती आणि कपाळावर गंधाऐवजी वंगण होतं. दक्षिणा त्यांनी दुप्पट मागितली, ती मामांनी मुकाट्यानं दिली.

पण या साऱ्या वेडाच्या मुळाशी आमची मामी होती. मोटार नवी नवी घरात आली तेव्हा मामांनी हौसेनं तिला निपाणीला नेलं आणि वाटेत पावसानं गाठलं. खालच्या पत्र्यावर पाण्याचे फटकारे, त्यात खडे ताडताड आपटताहेत, आणि मामीला तर जन्माची अर्धशिशी. घरी आल्यावर ती अंधाऱ्या खोलीत डोकं बांधून पडली ती आठवडाभर उठली नाही. उठली ती "त्या डब्यात मी परत पाय ठेवायची न्हाय" असं बजावूनच.

आता मामीचं माहेर कणकुंबीचं, पार गोव्याच्या हद्दीजवळ, रानात. पंचमीला लेकी माहेरी जातात, पण पंचमी नेमकी भर श्रावणात. तिकडचा पाऊस काय सांगावा, बैलगाडी अर्ध्या वाटेत रुतायची. त्यामुळे लग्न झाल्यापासून मामीला एकही पंचमी माहेरी मिळाली नव्हती. तिची आई आता डोळ्यांनी अधू झाली होती, आणि "एक पंचमी तरी ये गं" असा तिचा सांगावा दर साली यायचा. दारात मोटार उभी, आणि बायको माहेरासाठी झुरते आहे, हे मामांच्या जिवाला लागलं. मोटारीच्या खालचा आवाज बंद करायचा आणि हिला पंचमीला कणकुंबीला न्यायचं, असं त्यांनी मनावर घेतलं.

पहिला उपाय त्यांनी आपल्या धंद्यातला केला. सुताला खळ लावली की ते कसं ताठ आणि घट्ट होतं, हे जन्मभर पाहिलेलं. मामांनी जुन्या गोधड्या आणि मागावरचं तुटकं सूत एकत्र करून, वर तांदळाच्या पिठाची दाट खळ चोपडून, मोटारीच्या पोटाला चांगलं चार बोटं जाड अस्तर लावलं. वाळल्यावर ते असं टणक झालं की मामांनी मला त्यावर बुक्की मारून बघायला लावलं. मग पहिली सर आली आणि खळीची पेज झाली. दुसऱ्या दिवशी मोटार गल्लीत उभी होती, तर आळीतल्या झाडून साऱ्या शेळ्या तिच्याखाली शिरून मामांचं अस्तर खात होत्या. मामांनी त्यांना हाकललं नाही. रुपयातला चार आणे आवाज तरी गेला होता, असं ते समाधानानं म्हणाले.

दुसरी खेप घोंगड्यांची. धनगराची घोंगडी पाणी धरत नाही, म्हणून ती डांबरात बुडवून मडगार्डच्या आत ठोकली. हिंडलग्याच्या रस्त्यावर ती सायलेन्सरला टेकली आणि मोटारीखालून असा धूर सुटला की लोक लांब पळाले. दिवस चळवळीचे. तिकडून एक फौजदार आला, तर अंगभर काळा झालेला, हातात डबा घेतलेला एक इसम मोटारीखालून सरपटत बाहेर येतोय. "साहेब, बाँब न्हाय, घोंगडी हाय," असं मामा पुन्हा पुन्हा सांगत होते. फौजदाराला ते पटायला संध्याकाळ झाली. घरी येऊन मामा म्हणाले की काही का असेना, आठ आणे आवाज गेला.

मग निपाणीच्या एका चांभाराकडून जाड चामड्याचे पडदे करवून घेतले. ते चाकांमागं सोडले आणि खालच्या पत्र्यालाही तेच ठोकलं. चिखल खरोखर कमी उडायला लागला, हे कबूल केलं पाहिजे. पण चामडं नवं, त्यामुळे मोटार नव्या वहाणांसारखी करकरायला लागली. आम्ही गल्लीत शिरलो की कोण नव्या वहाणा घालून आलं म्हणून म्हातारे ओट्यावरून खाली रस्त्याकडे बघत. मी मामांना मोटारीच्या आवाजावर ओरडून तसं सांगितलं, तर ते म्हणाले, कुठली करकर, मला तर काही ऐकू येत नाही. मला वाटलं, हट्टी माणूस, आपलं केलेलं वाईट कसं म्हणेल? सोळा आणे आवाज गेला, असं त्यांनी त्याच रात्री मामीला जाहीर केलं आणि पंचमीला निघायचं ठरलं.

मामी एका शब्दानं नाही म्हणाली नाही. मी पुढं मामांशेजारी बसलो, ती मागं फराळाची टोपली घेऊन बसली. जांबोटीपर्यंत बरं चाललं. तिथून पुढं जे आभाळ फाटलं, आणि रस्त्यावरचं पाणी खालून असं थडाथड आपटायला लागलं, की माझे पाय आपोआप वर उचलले गेले. खडे पत्र्यावर फुटाण्यासारखे उडत होते. सोळा आणे काय, एक पै आवाज गेलेला नव्हता. मी मामांकडे बघितलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ सुख होतं. त्यांनी मान वळवून मामीला विचारलं, "ऐकलंस? हाय का कुठं आवाज?"

मामीनं डोक्याला ओलं फडकं करकचून बांधलं होतं. तिनं मामांकडे बघून हसून मान हलवली, नाही म्हणून. मामा खूश होऊन पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. मग ती मला म्हणाली, कुजबुजत नाही, मामा हातभर अंतरावर असताना चांगल्या मोठ्या आवाजात: "त्येंना ऐकू येईना झालंय रं. वरीस झालं. तू कायबी बोलू नगंस."

मामा तसेच हसत मोटार चालवत होते. मी थक्क झालो. सगळं कळत होतं तर तू बसलीस कशाला, असं मी तिला विचारलं.

"आईला बघायचंय मला," ती म्हणाली. "आन ह्येंनी एवढं केलंय, कुणी तरी बसाय नगं व्हय?"

कणकुंबीला पोचल्यावर मामी अर्धा दिवस पडून राहिली, पण आईच्या मांडीवर. म्हातारी आंधळ्या हातांनी तिचं तोंड चाचपत होती आणि मामा बाहेर सोप्यावर बसून चार माणसांना चामड्याच्या पडद्यांची माहिती देत होते. दुसऱ्या दिवशी मामी पोरीबाळींबरोबर झोका खेळली, फेर धरून नाचली, चाळिशीची बाई.

परत निघालो तेव्हा उघडीप होती. मामीला काय सांगू आणि काय नको असं झालं होतं. आई काय म्हणाली, कोणती मैत्रीण भेटली, झोक्याची दोरी कशी तुटता तुटता राहिली, ती मागून एकसारखी बोलत होती. मला वाटतं, मामांनाच सांगत होती, सवयीनं. मामा रस्ता बघत होते. मग मधेच माझ्याकडे झुकून, आपल्या मते हळूच, पण चांगलं रानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडी तर गप केली रं मी. पर तुजी मामीबी गपच झालीया अलीकडं. पयल्यासारखी बोलत न्हाय. काय चुकलं असंल माजं?"

मागचं बोलणं अर्ध्या वाक्यात थांबलं. मी वळून बघायचं टाळलं.

थोड्या वेळानं मामीनं मामांच्या खांद्याला हात लावून मोटार थांबवायला लावली. ती उतरली, पुढं आली आणि मला म्हणाली, मागं बस. चारचौघांत बाईमाणसानं नवऱ्याच्या शेजारी पुढं बसायचं म्हणजे तेव्हा आमच्याकडे लाज सोडल्यासारखंच होतं. वाटेनं डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बाया चालल्या होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. मामीनं पदर नीट डोक्यावर घेतला, मामांच्या कानाशी तोंड नेलं आणि कणकुंबीच्या दारात आई कशी उभी होती तिथपासून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, अगदी ओरडून.

मामा आधी दचकले. मग हसले, मग त्यांनी डोळे पुसले. मी मागं टोपली धरून बसलो होतो. खाली खडे वाजत होते, चामडं करकरत होतं, आणि एरवी मोटार भरधाव पिटाळणारे मामा ती इतकी सावकाश चालवत होते की भाऱ्यांच्या बाया आम्हाला मागं टाकून पुढं गेल्या.