फुलांवरचा हिशेब

मी अकोल्यात एका मोठ्या कंपनीच्या हिशेब खात्यात आहे. त्या वर्षी आमच्या गोदामांत पुराचं पाणी शिरलं आणि पेपरात बातमी आली: पुरामुळे कंपनीला प्रचंड तोटा. रविवारी वलगावला माहेरी गेले, तर बाबा संत्र्याच्या बागेतच वाट पाहत उभे.

"तुही कंपनी बुडाली म्हंते. आता नोकरीचं काय?"

मला त्या बातमीचा आधीच राग आला होता. "पूर काय करते, बाबा! भिजलेल्या मालाचे पैसे विम्यातून येऊन राहिले. मोठा आकडा कराचा आहे." मग नीट समजावलं. मागच्या तोट्यांमुळे पुढे कर कमी भरावा लागणार होता. ती होणारी बचत आम्ही आधीच आपली म्हणून लिहून ठेवली होती. सरकारने कराचा दरच उतरवला, तसा त्या तोट्यांवर वाचणारा करही कमी झाला, म्हणजे बचत घटली, आणि जेवढी घटली तेवढी तोट्यात दाखवावी लागली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "मंजे तुमी फुलं मोजून संत्री लिहून ठेवली. अन् फुलं गळाली त रडून राहिले."

मला हसू आवरेना. याच मुद्द्यावर आमच्या साहेबांनी चार पानं लिहिली होती.

पुढच्या बहाराला बाग पांढरीशुभ्र फुलली. मी माहेरी असतानाच व्यापारी आला आणि यंदा फळ किती धरेल, असं विचारू लागला. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तिले इचारा. फुलावर हिशेब तिची कंपनी करते."