वांग्याच्या वाफ्यावरचं पांढरं

अन्याय झाला तो कोपर गावात, आमच्या चाळीमागे राहणाऱ्या आगरी म्हातारीवर. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, सकाळी, विहिरीवर बायकांची गर्दी असताना. करणारा कोण, तेही सांगून टाकतो. मी.

चाळीमागचा तुकडा मालकाने भाजीपुरता दिला होता. आईने तिथे वांगी-मिरच्या लावायचं ठरवलं. धाकटी बहीण घरोघरची देठं-सालं खड्ड्यात कुजवायला आणी, भाऊ शेण गोळा करी. वडील देशावरचे. त्यांच्या गावी नदीचा गाळ शेतात घालतात. म्हणून दिवाळीनंतर तीन रविवार त्यांनी आम्हां सगळ्यांना खाडीवर नेलं आणि घमेल्यांनी काळाभोर गाळ आणून वाफ्यांत पसरला. "बाजारातलं ते पांढरं खत आपल्या मातीला लावायचं नाही," हा त्यांचा हुकूम. मला तो इतका पटला की मी त्यावर पत्रक लिहिलं. तेव्हा मी दात घासण्यावरही पत्रक लिहिलं असतं.

मग रोपं लावली. पंधरा दिवसांत ती कडेने करपली. मातीवर पांढरी पूड दिसू लागली. बहीण रडत म्हणाली, "दादा, मागची आजी सकाळी वाफ्यात वाकलेली. मुठीत काहीतरी होतं तिच्या."

झालं! म्हातारी चाळीत टोपली घेऊन भाजी विकायची. आमची भाजी आली तर तिची कोण घेणार? कारण मिळालं, पुरावाही मिळाला. विचारायला कोण जातो? मी विहिरीजवळच्या फळ्यावर कागद डकवला: 'वाफ्यात विष टाकणारीची भाजी तुम्ही मुलांना खाऊ घालणार का?'

त्या दिवशी तिची टोपली भरलेलीच परत गेली. दुसऱ्या दिवशीही. तिला वाचता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी कागद वाचून दाखवला आणि ती थेट आमच्या दारात आली.

"काय रं पोरा, मी इख टाकला?"

"मग मुठीत काय होतं?" मी ताठच.

तिने माझं मनगट धरलं, वाफ्यापाशी नेलं. चिमूटभर माती स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि तळहात माझ्यापुढे केला. "चाख."

"माती?"

"चाख रं! कागुद लिवताना लाजला नाय, आता लाजतंस?"

चाखली. मीठ. निव्वळ मीठ.

"मिठागरान जलम गेला माझा," ती म्हणाली. "खाडीच्या चिखलान वांगी होतान? त्या दिवशी चाखून बघितली. तुझ्या आयशीला सांगाया येनार व्हते, तवर तुझा कागुद."

वडील मागे उभे होते. ते जाऊन फावडं घेऊन आले.

मी धावत जाऊन कागद फाडला आणि दुसरा लावला, त्याहून मोठ्या अक्षरांत: चूक माझी. पण कागदाने टोपली रिकामी होत नाही. दुसऱ्या दिवशी आईने सगळ्यांदेखत तिच्याकडून माठाच्या दोन जुड्या घेतल्या. शेजारीण घुटमळली, मग तिनेही घेतली. मी गॅलरीतून बघत होतो. टोपलीचा तळ दिसला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मग गाळ खरवडला. वाफ्यांत विहिरीचं पाणी तुडुंब भरून पाटाने बाहेर सोडलं, तीन-तीनदा. कुजलेलं खत घातलं, नवी रोपं लावली. म्हातारी बांधावर बसून हुकूम सोडी आणि पोरं आमच्यापेक्षा तिचंच ऐकत. होळीनंतर वांगी धरली. पहिली चार बहिणीने तिच्या घरी पोचवली. संध्याकाळी म्हातारी मला हाक मारून म्हणाली, "बरी हायेत. मीठ तेवढा कमी परला." आणि किती दिवसांनी मी पोटभर हसलो!

आता तुम्ही. तुमच्या चाळीच्या फळ्यावर कुणाविरुद्ध कागद लागला असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा. उठा, त्या माणसाच्या दारात जा आणि त्याला विचारा. कागद खोटा निघाला, तर स्वतःच्या हाताने फाडा. आज.