तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

मीटरवर पुन्हा तीन आकडी नंबर आला आणि मी आधी मीटरलाच दोष दिला. बॅटरी काढून घातली, नवी काडी घेतली, तेच टेबल परत तपासलं. नंबर तोच.

सोलापुरातल्या होटगी रस्त्यावरची ती पाच मजली ऑफिस बिल्डिंग. सहा महिन्यांपूर्वी तिथे ग्रीन क्लीनिंग सुरू झालं होतं. म्हणजे अ‍ॅसिड बंद, फिनाईल बंद. त्याऐवजी वनस्पतींपासून केलेलं लिक्विड आणि मायक्रोफायबरची फडकी. हे खरंच काम करतं का ते तपासणं हा माझा धंदा. लोक म्हणतात, चकाचक दिसतंय की! दिसण्यावर आमचा विश्वास नसतो. टेबलावर एक ओलसर काडी फिरवायची आणि मोबाईलएवढ्या मीटरमध्ये घालायची. घाम, खरकटं, जंतू यांचा जो काही अंश मागे राहिला असेल, त्याचा आकडा येतो. आकडा लहान तेवढी सफाई चांगली.

पहिले दोन मजले सपशेल नापास झाले. बिल्डिंगचे मॅनेजर बिराजदार हात मागे बांधून माझ्याबरोबर फिरत होते.

"मी म्हणालो होतो की नाही सर? फेस न्हाई, वास न्हाई, ह्यानं काय साफ हुतंय? मालकांनी सांगितलंय, तुमचा रिपोर्ट फेल आला की सोमवारपासून अ‍ॅसिड चालू."

अ‍ॅसिडचे कॅन लिफ्टशेजारी येऊनसुद्धा पडले होते.

तिसरा मजला नरसक्काचा. विणकर घरातली तेलुगू बाई, पन्नाशीची. नाव नरसम्मा, पण सगळी बिल्डिंग अक्का म्हणते. मी काडी काढायच्या आत तिने माझ्यासमोर अंगठा धरला.

"साहेब, आमी पास झालो का? हे बगा, रेघा परत आल्या."

मला काही कळेना. मग तिनेच सांगितलं. अ‍ॅसिडच्या दिवसांत बोटांची सालं जाऊन ठसे गुळगुळीत झाले होते. गेटवरचं हजेरीचं मशीन तिला ओळखत नव्हतं आणि रेशन दुकानातलंही.

"तांदूळ समोर दिसतोय आन् मशीन म्हणतंय, ही बाई ती न्हायच. आता घेतंय. अ‍ॅसिड आलं की बोट परत जातंय बगा."

मी नुसतं "हं" केलं. वाईट वाटलं, पण वाईट वाटतं म्हणून कुणाला पास करता येत नाही. आकडा येईल तो लिहायचा.

आकडा आला आणि मी तो पुन्हा वाचला. दोन आकडी, तोही लहान. दुसरं टेबल, दाराची मूठ, लिफ्टचं बटण, सगळीकडे तेच. इतके चांगले आकडे मी मोठ्या हॉस्पिटलांतही क्वचित पाहिलेत. लिक्विड तेच, फडकी तीच. मग हिच्याच मजल्यावर असं काय होतं?

वीस वर्षांच्या नोकरीने मला एकच सवय लावली आहे: फार चांगलं दिसलं की संशय घ्यायचा. मी तिचं सामानाचं कपाट उघडायला लावलं. आत चार निळे कॅन. लेबल नाही. उघडून हुंगलं तर वास नाही.

"चोरून काहीतरी वापरता ना?"

ती खाली बघायला लागली. बिराजदारांना तर हर्षच झाला. लेबल नसलेला कॅन म्हणजे आमच्या नियमात थेट नापास. मी फॉर्मवर तसं लिहूनही टाकलं.

"एसीचं पाणी हाय साहेब," ती हळूच म्हणाली. "ह्या बिराजदार साहेबांनी नको म्हणलं होतं. गळकं पाणी साठवतीस, बिल्डिंगची शोभा जाती म्हणाले. म्हणून कपाटात ठिवलं."

"एसीचं पाणी कशाला? बोअर आहे ना?"

"बोअरचं पाणी जड हाय की. लग्नाआदी मी सूत रंगवायच्या कारखान्यात होते. जड पाण्यात सूत रंग धरत न्हाय, डाग पडतंय. मालक पाणी बगूनच रंग कालवायचे. मला वाटलं, सुताला चालंना ते टेबलाला कसं चालंल?"

मी फॉर्म बाजूला ठेवला. माझ्या बॅगेत पाणी तपासायचं छोटं किट असतं, आणि त्या दिवशी ते बॅगेतच होतं. एका बाटलीतला थेंब टाकला की क्षार असलेलं पाणी लाल होतं. मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे. निळं व्हायला जितके जास्त थेंब लागतील, तितकं पाणी जड. बोअरचं पाणी लालभडक झालं. मी थेंब मोजत राहिलो, मोजून कंटाळलो, तेव्हा कुठे ते निळं पडलं. मग अक्काच्या कॅनमधलं पाणी घेतलं. ते लाल झालंच नाही. पहिल्या क्षणापासून स्वच्छ निळं. एसीतून गळते ती हवेतली ओल, तिच्यात क्षार येणार कुठून?

"निळं आलं," अक्का म्हणाली. रंगवाल्याच्या नजरेने ती बाटली उजेडात धरून बघत होती.

चूक माझीच होती, खोटं कशाला सांगू! मी लिक्विड तपासलं होतं, फडकी तपासली होती, मापाची झाकणं तपासली होती. पाणी तपासलं नव्हतं. आणि मी राहतो जुळे सोलापुरात! माझ्या बाथरूमच्या नळावर पांढरा थर खरवडून काढावा लागतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मग बाकीच्या मजल्यांवरच्या बायकांना विचारलं, तेव्हा तिथे काय घडत होतं तेही उलगडलं. जड पाण्यात या लिक्विडला फेस येत नाही आणि मळही नीट सुटत नाही. फेस नाही म्हणजे सफाई नाही, असं समजून तिथल्या बायका एका झाकणाऐवजी तीन-चार झाकणं ओतत होत्या. त्याचा चिकट थर टेबलावर राही, आणि हाताचा मळ, धूळ त्यालाच धरून बसे. त्या साफ करत नव्हत्या असं नाही, उलट जीव तोडून करत होत्या.

पटलं म्हणून लगेच लिहायचं नसतं. पहिल्या मजल्यावरचं मोठं टेबल घेतलं, मधोमध चिकटपट्टी लावली. मापाचं एकेक झाकण. डावीकडे बोअरचं पाणी, उजवीकडे अक्काचं. पुसलं तिनेच. डावा आकडा नापास, उजवा पास. बिराजदारांनी तीनदा करायला लावलं. तीनदा तेच.

"आयला," ते म्हणाले, "आन् मी हिला चार वेळा झापलं की सर."

एसीचं पाणी दिसतं तितकं निर्धोक नसतं. ट्रेमध्ये शेवाळ धरलं की त्यातच जंतू वाढतात. अक्का ते फडक्यातून गाळून त्याच दिवशी संपवत होती, शिळं झालेलं फेकत होती. हेही तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी अहवालात अटी घातल्या: ट्रे दर आठवड्याला धुवायचा, कॅनवर तारखेचं लेबल, आणि उन्हाळ्यात हवा कोरडी असल्याने एसी कमी गळतात तेव्हासाठी पाणी मऊ करणारं छोटं सॉफ्टनर. आधी लिहिलेल्या 'नापास'वर रेघ मारून सही केली. माझ्या नोकरीत अशी रेघ मी पहिल्यांदाच मारली. अ‍ॅसिडचे कॅन दुकानदाराकडे परत गेले.

तेव्हापासून मी कुठेही गेलो की लिक्विडच्या बाटलीआधी नळाचं पाणी तपासतो. आणि त्याच्याही आधी, तिथे जी बाई पुसते तिला विचारतो.

तीन महिन्यांनी फेरतपासणीला गेलो. सकाळची हजेरी चालली होती. पाच मजल्यांच्या पाच बायका मशीनपुढे रांगेत. चौघींच्या अंगठ्याला मशीन "थँक यू" म्हणालं. पाचव्या मजल्यावरच्या बाईने सगळ्यांत जास्त वर्षं अ‍ॅसिडवर काढली होती, तिचं बोट अजून पुरतं भरलं नव्हतं. मशीनने दोनदा नाकारलं. तिने अंगठा पदराला पुसला. चौघी जागच्या हलल्या नाहीत. बिराजदारही रजिस्टर मिटून उभे राहिले. तिसऱ्यांदा तिने अंगठा दाबून धरला.

"थँक यू," मशीन म्हणालं.

"असू दे, असू दे," नरसक्का मशीनला म्हणाली आणि बादली उचलून जिन्याकडे गेली.

त्यानंतर मी पाचही मजल्यांवर काडी फिरवली आणि आकडे लिहिले. ते चांगले आले. पण माझ्या दृष्टीने तपासणी गेटवरच झाली होती.