भाऊजींचं ताट

माझे धाकटे दीर नागवेलीच्या पानावरून नुसता अंगठा फिरवत आणि सांगत, हे उद्या सडेल. दुसऱ्या दिवशी ते पान सडलेलंच निघे. आता भाऊजी नाहीत, म्हणून जे लिहायचं ते लिहून टाकते.

जळगाव जामोदला आमचा पानमळा होता. पानं खुडून करंडीत रचली तरी काम संपत नाही. रोज करंडी उपसायची, सडू लागलेली पानं काढायची, बाकीची उलटून पुन्हा रचायची. याला पानं फिरवणं म्हणतात. चौथीत मास्तरांनी भाऊजींना शाळेतून काढलं, तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्यापुढे करंडी ठेवली. मी लग्न होऊन आले तेव्हा ते विशी ओलांडलेले होते, आणि त्यांनी फिरवलेली करंडी व्यापारी न उघडता गाडीत चढवत.

ते कोणाच्या डोळ्यांकडे बघत नसत. ताशे वाजले की कानांवर हात ठेवून मळ्यात निघून जात. पारावरची माणसं टवाळीनं विचारत, "काऊन बे, आज किती पानं सडली?" भाऊजी थांबून खरा आकडा सांगत. गाव त्यांना भोळा म्हणे. मला मात्र ते सोयीचे वाटत. चार वाजता ते ओसरीत करंडीपाशी बसले की मी चहा टाकायची. घड्याळ बघावं लागत नसे.

नणंदेला पाहायला वडनेर भोलजीचे पाहुणे येणार होते. मी कामांची यादी केली. सतरंज्या, पोहे, सुपारी, आणि शेवटी, भाऊजींना मळ्यात पाठवणे. असा भाऊ दिसला तर मुलगी नाकारतील ही धास्ती घरात सगळ्यांनाच होती, पण लिहिलं मी. ओसरीतल्या करंड्या हलवायचं मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. चारला भाऊजी परत आले, पाहुण्यांमधून वाट काढून करंडीपाशी बसले आणि पानं फिरवू लागले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, हे कोण? मी म्हणाले, "गडी आहे आमचा."

भाऊजींनी मान वर केली नाही. पानं फिरवत राहिले.

लग्न ठरलं. दुसऱ्या दिवशी जेवायला हाक मारली, तर भाऊजी अंगणात गड्यांच्या ओळीत ताट घेऊन बसलेले. मी आत बोलावलं. म्हणाले, "गडी आत नाही जेवत, वहिनी." सासूबाईंनी विनवलं, हे रागावले; उपयोग झाला नाही. भाऊजी स्वतः खोटं बोलत नसत, त्यामुळे दुसऱ्यानं बोललेलंही त्यांना खरंच वाटे. शेवटी मी करंडीपाशी त्यांच्याजवळ बसून कबूल केलं, मी खोटं बोलले, तुम्ही या घरचे आहात. त्यांनी हातातलं पान पुसून करंडीत ठेवलं. मग म्हणाले, "मंग पाव्हण्यायले सांगा."

लग्नात ते मळ्यातच होते. नणंदेनंही सासरी तोंड उघडलं नाही. मी वडनेरला बारशाला गेले, संक्रांतीला गेले. परतले की भाऊजी विचारत, "सांगतलं?" मी नाही म्हणायची. ते करंडीकडे वळत. पावसाळ्यात गड्यांबरोबर गोठ्यात जेवत. अशी सहा वर्षं गेली.

सातव्या वर्षी मी नणंदेच्या सासऱ्यांना सांगितलं, तो गडी नव्हता, माझे दीर होते. ते म्हणाले, "आमाले त्याच दिशी समजलं होतं, बाई. पोरीचं अन त्याचं नाक एकच. पोरगी आवडली, हो म्हटलं. तुमी काऊन लपवून राह्यल्या, हेच समजलं नाही."

एसटीत मी पदर तोंडावर घेऊन बसले.

घरी आल्यावर भाऊजींना म्हटलं, सांगितलं. त्यांनी ताट उचललं, पाय धुतले, आत येऊन पाटावर बसले. "वाढा, वहिनी." मी भाकरी वाढली आणि समोर उभी राहिले. एवढे दिवस काऊन लागले, हे ते आता विचारतील असं वाटत होतं.

त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.