डाव्या हाताचं अक्षर

परुळेकर भाऊसाहेब गेल्याचं मला दुकानात कळलं. हातातला तराजू तसाच लोंबकळत राहिला... दहा-बारा वर्षांपूर्वी याच माणसाला ठार मारायला मी कोयता उचलला होता.

त्या साली वादळात माझा थोरला भाऊ बुडाला. प्रेत आणि फुटलेली होडी देवबागच्या किनाऱ्याला एकाच भरतीत लागली. समुद्राने घेतलेल्या माणसाला आमच्या घराण्यात त्याच्याच होडीच्या फळ्यांवर जाळतात, आणि बाराव्यापर्यंत त्या होडीचा विषय कुणी काढत नाही. नवव्या दिवशी भाऊसाहेब कचेरीतून मदतीचे अर्ज तपासायला आले. फुटलेली होडी दाखवील त्यालाच नवी होडी, असा नियम. "होडी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. वहिनी खाली मान घालून एवढंच म्हणाली, "नाय." त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : अपात्र.

वहिनीच्या पदरात दोन पोरं. माझं डोकंच फिरलं. पडवीतला नारळ सोलायचा कोयता उचलून मी ओरडलो, "त्याच फळ्यांवर जळलो माझो भाव! तुका होडी खंयसून दाखवू?" घाव डोक्यावरच घातला होता, त्यांनी हात आडवा घातला. उजव्या हाताची तीन बोटं अंगणात पडली. अर्जावर रक्त उडालं, वहिनी किंचाळली... आणि मी दुसरा घाव उगारला. शेजाऱ्यांनी मला खाली पाडून बडवलं नसतं, तर खुनीच झालो असतो.

कोर्टात भाऊसाहेबांनी काही लपवलं नाही. मला दोन वर्षं झाली. पण साक्षीत ते म्हणाले, "आरोपीने मारताना दिलेली माहिती मी पडताळून पाहिली. ती खरी निघाली." हाताला बँडेज असताना हा गृहस्थ मसणात गेला होता! डाव्या हाताने जळकी वाळू चाळून त्याने होडीचे खिळे वेचले होते. वहिनीला होडी मिळाली.

सुटल्यावर त्यांच्या पाया पडायला गेलो. टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून, त्यातलाच एक खिळा ठेवलेला. माझ्याकडे बघत ते म्हणाले, "ह्या आधी सांगूक काय झाला होता तुका?" अजूनही स्वतःचा संताप येतो.

तेराव्यानंतर त्यांचा मुलगा तो खिळा घेऊन आला. दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती : 'पुरावा. अर्जदारास परत करणे.' खिळा वहिनीने घेतला. चिठ्ठी माझ्यापाशी आहे. अक्षर वेडंवाकडं आहे. ते मी केलंय.