डबड्यातलं रोप

आमच्या घरात तिला गाडी फक्त मी म्हणायचे. आमचे हे 'डबडं' म्हणायचे. शाळेत कायम झाले तेव्हा माझ्या पगारातून, कुणालाही न विचारता मी ती घेतली होती, आणि तीही कुणीतरी वापरलेली. वेल्ह्याकडच्या आमच्या गावातून नसरापूरला जायला सकाळी एक एसटी, यायला संध्याकाळी एक. ती चुकली की कुणाच्या तरी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसायचं. गाडी आली आणि ते बसणं सुटलं. मला तेवढं पुरेसं होतं.

वय झालं तशी गाडी कुरकुरायला लागली. क्लच प्लेट झाली, रेडिएटर झाला, मग पुढच्या चाकांचं काहीतरी निघालं. कामथडीचा मेस्त्री दर वेळी सांगायचा, "बाई, आता वर्षभर बघायचं काम न्हाई," आणि महिन्याभरात नवं दुखणं हजर. बिलापेक्षाही मला संताप यायचा तो बदललेला भाग पिशवीत घालून हातात द्यायच्या त्याच्या पद्धतीचा. एवढे पैसे मोजून घरी काय न्यायचं, तर गंजलेलं लोखंड. हे जेवताना त्या पिशवीकडे बघून गालातल्या गालात हसायचे आणि माझा नुसता तिळपापड व्हायचा.

अशाच एका जेवणात मी बोलून गेले, "आता एक जरी मोठं काम निघालं ना, तर विकून टाकीन."

"नक्की?"

"नक्की."

आषाढात एका सकाळी गाडी सुरूच होईना. टोचन लावून ती कामथडीला नेली, हेही बरोबर आले. मेस्त्रीने बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. उंदरांनी वायरिंगचा भुगा केला होता. त्याने खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"दर बाजाराला तांदळाची पोती वाहतीस," हे म्हणाले. "उंदीर येनार न्हाई तर काय व्हनार?"

खोटं नव्हतं ते. गावातल्या बायकांचा तांदूळ मी गिरणीतून थेट नसरापूरच्या बाजारात पोचवायचे. बायका दुवा द्यायच्या, मलाही बरं वाटायचं. आता त्याच भलेपणाने गाडी घालवली म्हणायची. ह्यांनी फोन काढून गिऱ्हाइकाचा नंबर शोधायला घेतला. मी दिलेला शब्द मलाच आठवत होता. पुन्हा तो टेम्पो, पुन्हा ते अंग चोरणं. मला रडू यायला लागलं आणि त्याचाच जास्त राग आला.

मेस्त्री आणखी कुठं वायर तुटलीय ते बघायला मागची सीट काढत होता. तो एकदम ओरडला, "बाई, गाडीत भात पेरलाय का काय?"

दाराचं रबर झिजलं होतं, पाणी आत मुरत होतं. ओल्या मॅटवर बोट-बोटभर रोप उभं होतं. उजेड नसल्याने पिवळट पडलेलं, पण दाट. उंदरांच्या तोंडून सुटलेले दाणे रुजले होते.

हे वाकले. एक काडी उपटून तिच्या मुळाशी चिकटलेलं टरफल त्यांनी न्याहाळलं. मीही बघितलं. गिरणीतून आलेला तांदूळ कितीही भिजवा, कुजेल, रुजणार नाही. रुजतो तो टरफलासकटचा भात. आणि माझ्या गाडीत भात एकदाच आला होता. रोहिणीच्या आधी, आंबवड्याच्या नणंदेकडून बियाण्याचं पोतं. टेम्पो मिळेना म्हणून ह्यांनीच ते मागच्या सीटवर टाकलं होतं. कोपरा फाटलाय, मी म्हटलं होतं. "काय व्हत न्हाई," हे म्हणाले होते.

 खरं सांगते, इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

ह्यांनी फोन खिशात टाकला. मेस्त्रीला म्हणाले, "नवीन वायरिंग घाला. पैसं म्या देतो." मग ती मॅट दोन्ही हातांवर आडवी धरून, कुणी हसलं तरी न बघता, एसटीने घरी आणली आणि रोप खाचराच्या कोपऱ्यात लावलं. दिवाळीच्या सुमाराला त्याला लोंब्याही धरल्या.

गाडीची दुखणी काही थांबली नाहीत. मी अजून चिडते, अजून पैसे मोजते. लोखंडाची पिशवी मात्र आता हेच उचलून परसात ठेवतात.

यंदा रोहिणी जवळ आल्या तेव्हा मी भाकरी थापत होते. हे ओट्यावर बसून रिकाम्या पोत्याचा कोपरा दाभणाने शिवत होते. एकदा शिवला, ओढून बघितला, पुन्हा शिवला. मग दारात येऊन उभे राहिले.

"आंबवड्याला जायचंय," ते म्हणाले. "तुझी गाडी मिळल का?"

किल्ली समोरच खुंटीवर होती. तरी मी हात धुतले आणि ती स्वतः काढून त्यांच्या हातात दिली.