जिवलीचा अर्ज आणि रोमन लग्न

किळस ही जिवलीला सहजासहजी येणारी गोष्ट नव्हती. सायवनच्या आदिवासी पाड्यावर वाढलेली पोर ती. गोठा, मासळी, म्हाताऱ्यांची आजारपणं, सगळं तिनं नाक न मुरडता केलं होतं. पण पुढे हरिश्चंद्र सरांचं नाव निघालं, की तिच्या तोंडाला कडू पाणी सुटायचं.

डहाणूच्या कॉलेजात एम.ए. इतिहासाचा वर्ग चाले आणि प्राचीन ग्रीस व रोम हा पेपर सर शिकवत. नरपडच्या चिकूच्या वाडीवाल्यांच्या घरातले, आवाज भारदस्त, रोमवर जीव. "जुना रोमन कायदा बघा," ते एकदा म्हणाले, "बाई पुरुषाच्या घरी वर्षभर सलग नांदली, की झाली त्याची बायको. ना कागद, ना भटजी. केवढी पुढारलेली माणसं!"

शेवटच्या बाकावर जिवलीला हसू आवरेना. पाड्यावर दुसरं काय चालतं? पोरगा-पोरगी एकत्र राहायला लागतात, संसार थाटतात आणि लगीन सवडीनं होतं. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत असते, तेव्हा कधीकधी नवरानवरीची पोरंच मांडवात नाचत असतात. जिवली स्वतः दोन वर्षं शुक्राकडे नांदत होती, पोटात मूल होतं.

"आपण रोमन निघालो," तिनं संध्याकाळी शुक्राला सांगितलं.

"आन ते खातात काय?" शुक्रानं विचारलं.

२०१६च्या दिवाळीत जिवलीला मुलगी झाली, बारकी. दोन महिने वर्ग बुडाला, हजेरी कमी पडली. परीक्षेला बसायचं तर सरांच्या सहीचा अर्ज हवा. जिवलीनं कारण लिहिलं, बाळंतपण. खालच्या रकान्यात लिहिलं, अविवाहित. दोन्ही खरंच होतं, लगीन व्हायचंच होतं अजून. सायवनात हा अर्ज कुणी वाचला असता, तर बाळाचं नाव विचारलं असतं.

सरांनी तो वाचला आणि उठून दार लोटून घेतलं.

"अगं, हे काय लिहिलंस?"

"खरं तेच लिहिलं, सर."

"लग्न नाही आणि बाळंतपण? कॉलेजची अब्रू आहे की नाही काही? आजारपण लिही. कावीळ लिही, आत्ता सही करतो."

"पण सर, तुम्हीच शिकवलंत, रोममध्ये..."

"ते रोम होतं, जिवली. तुमच्या पाड्यावरच्या भानगडी त्यात आणू नकोस."

अर्ज त्यांनी तिच्याकडे सरकवला तो पेनाच्या टोकानं. बोट लावलं नाही. तेवढं बघून तिला पहिल्यांदा त्यांची किळस आली. नाव हरिश्चंद्र, आणि मला माझ्याच लेकराला कावीळ म्हणायला शिकवतो! तिनं अर्ज उचलला आणि घर गाठलं. वर्ष गेलं. एक शब्द खोटा लिहायला काय झालं होतं, असं आई महिनाभर सुनावत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात पाहुणे जमले, धवलेरी रात्रभर गायली, जिवली-शुक्राचं लगीन लागलं. बारकी नवरीच्याच मांडीवर झोपून गेली होती.

२०१८मध्ये राहिलेल्या परीक्षेसाठी जिवली पुन्हा अर्ज घेऊन गेली, कारण तेच लिहिलेलं. घरी कुणी नव्हतं म्हणून बारकी कडेवर. सरांनी मंगळसूत्र पाहिलं, रकान्यातला 'विवाहित' पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हां, आता कसं! मार्गाला लागलीस." सही झाली. बाकीचा अर्ज त्यांनी वाचलाही नाही. लग्न आठ महिन्यांचं आणि पोर सव्वा वर्षाची, हे काही त्यांना दिसलं नाही असं नव्हतं. पण आता त्यांचं त्यावर काही अडत नव्हतं. मागच्या वर्षी नकार मिळाला तेव्हा आली त्याहून जास्त किळस जिवलीला ती सही बघून आली.

"गोड आहे हो छोकरी," म्हणत सरांनी खणातून चॉकलेट काढून बारकीच्या मुठीत दिलं आणि तिचा गाल कुरवाळला.

जिवलीनं ती मूठ उघडली, चॉकलेट काढून टेबलावर ठेवलं. बारकीनं भोकाड पसरलं.

"रड," जिवली म्हणाली, सरांना नीट ऐकू जाईल अशी. "पण याच्या हातचं खायचं नाही."